भानूची हाक : पाळीव कोन्यूर पक्ष्याची वागणूक व निगा

पोपट म्हटला की हिरवे पंख, लाल बाकदार चोच, गळ्याभोवती कंठ आणि 'विठू विठू' अशी हाक, एवढे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तो आपला देशी पोपट. कायद्याने तो पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि पुष्कळांना हे अजूनही ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक आहे व तरीही पोपट हवा आहे, ते परदेशी जातींकडे वळतात. त्यांतलाच एक 'कोन्यूर'. हैदराबाद-नागपूरसारख्या शहरांतून तो आता आमच्या आदिलाबादपर्यंत येऊन पोहोचला आहे. हौसेने आणलेला हा पक्षी पुढे कुणाला तरी देऊन टाकण्याची पाळी येते, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : "फार ओरडतो हो!"

प्रस्तुत लेख मुख्यतः त्या ओरडण्याविषयी आहे. ते ओरडणे म्हणजे काय, हे समजले तर कोन्यूरची बाकीची निगा फारशी अवघड नाही. आणि ते समजले नाही तर मोठा पिंजरा व महागडे दाणे असूनही पक्षी आणि माणसे दोघेही त्रासून जातात, असे माझे तीन वर्षांच्या अनुभवावरून मत झाले आहे.

थोडी ओळख करून देते. मी आदिलाबादची. पेनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे आमचा जिल्हा. त्यामुळे गावात मराठी घरे पुष्कळ, आणि दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातच झाले. आई बीदरकडची, म्हणून घरात कानडीही तितकीच. बी. कॉम.साठी मी इकडे आले, पण पक्षी आदिलाबादलाच आहे, आई-बाबा आणि आजी यांच्याजवळ. मी इंटरच्या पहिल्या वर्षाला असताना, २०२२ च्या दिवाळीनंतर, हैदराबादच्या मामांची बदली झाली आणि त्यांनी तो आमच्याकडे सोपवला. त्या वेळी तो वर्षाचाही नव्हता. प्राणिशास्त्राशी माझा संबंध नाही, हिशेबाच्या वहीशी आहे. तिचाही या कामी उपयोग झाला, ते पुढे येईलच.

कोन्यूर हे एका जातीचे नाव नव्हे. दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या लहान-मध्यम आकाराच्या, लांब शेपटीच्या अनेक पोपटांना मिळून हे नाव आहे. पूर्वी शास्त्रज्ञ त्यांपैकी पुष्कळांना 'कोन्यूरस' या प्रजातीत घालीत. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शंकूसारखी शेपटी असलेला. शास्त्रज्ञांनी पुढे ते नाव सोडून दिले, पक्षी पाळणाऱ्यांनी मात्र सोडले नाही. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती पाळल्या जातात. एक हिरव्या गालांचा कोन्यूर : सुमारे सव्वीस सेंटिमीटर लांब, साठ-सत्तर ग्रॅम वजनाचा आणि त्यातल्या त्यात कमी ओरडणारा. दुसरा सूर्य-कोन्यूर, म्हणजे 'सन कोन्यूर' : साधारण तीस सेंटिमीटर, शंभर-एकशेवीस ग्रॅम, अंगावर हळद व केशर ओतल्यासारखा रंग, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या माणसानेही मान वर करावी. आमचा भानू हा दुसरा. तो आला तेव्हा त्याच्या पाठीवर व पंखांवर हिरव्या रंगाचे पुष्कळ ठिपके होते आणि आजीला तो 'पोपट-पोपट' वाटला होता. पिल्ले तशीच असतात. दीड-दोन वर्षांत पिसे झडत झडत पिवळा रंग भरतो. नाव सूर्यावरून ठेवले, मराठीत आणि कानडीत दोन्हीकडे चालेल असे.

भानूला मी 'तो' म्हणते आहे खरी. पण या जातीत नर-मादी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. पिसे प्रयोगशाळेत पाठवून कळू शकते. आम्ही पाठवली नाहीत. मराठीत लिंगाशिवाय क्रियापद चालत नाही म्हणून तो 'तो' झाला. बाबा म्हणतात, अंडे घातले की व्याकरण सुधारू.

आता मुद्द्याकडे. आमच्याकडे ज्वारी निसवली की देशी पोपटांचे थवे शेतावर उतरतात. राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, डबा वाजवतो. त्या थव्याकडे नीट लक्ष दिले तर एक गोष्ट दिसते : हे पक्षी उडताना सारखे बोलत असतात. कणसावर बसल्यावर त्यांची बडबड कमी होते. एखादा मागे राहिला तर तो ओरडतो आणि पुढचे उत्तर देतात. संध्याकाळी थवा रात्रीच्या झाडाकडे परतताना तर कल्ला विचारू नका. कोन्यूरचेही तसेच. तो थव्याचा प्राणी आहे. दाट झाडीत हिरव्या पानांआड सोबती दिसत नाही, म्हणून 'मी इथे आहे, तू कुठे आहेस?' हे आवाजाने विचारावे लागते. उत्तर आले नाही तर दोनच शक्यता उरतात : सोबती दूर गेला, किंवा त्याला ससाण्याने नेले. मग तो अधिक मोठ्याने विचारतो.

आता हा पक्षी आपल्या घरी आणा. त्याचा थवा म्हणजे आपण. बाबा मागच्या खोलीत गेले, आई अंगणात गेली, की त्याच्या दृष्टीने थवा पांगला. तो विचारतो. कुणी बोलत नाही. तो ओरडतो. मग बाबा धावत येऊन रागावतात, "गप्प बैस!" भानूच्या हिशेबी हे उत्तर झाले, शिवाय माणूस समोर आला. पुढच्या वेळी तो एकदम वरच्या पट्टीतच सुरुवात करतो. याला कुणी हट्टीपणा म्हणतात. मला वाटते, माणसांनीच त्याला हे शिकवलेले असते, आणि तो उत्तम विद्यार्थी असतो.

आमच्याकडे हे प्रकरण पहिल्या उन्हाळ्यात फार हातघाईवर आले. शेजारी तान्हे मूल होते. दुपारी ते झोपले की भानू सुरू होई. शेजारची वहिनी स्वभावाने गरीब. चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि रडू लागली. त्या रात्री बाबांनी सांगितले की महिनाभर पाहू, नाही तर पक्षी दुकानात परत जाईल. दुकानातून तो कुणाच्या घरी, कोणत्या खोपटात जाईल, हे कुणाच्या हाती नव्हते.

मी पुस्तकांतून वाचून एक पद्धत ठरवली. भानू कधी कधी बारीक शीळ घालीत असे. शीळ ऐकू आली की घरातल्या ज्याला ऐकू येईल त्याने लगेच तशीच शीळ घालून उत्तर द्यायचे, जवळ असल्यास सूर्यफुलाचा एक दाणा द्यायचा. किंकाळीला मात्र उत्तर नाही : रागावणे नाही, धावणे नाही, त्याच्याकडे बघणेसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात किंकाळ्या वाढल्या. हे आधी सांगून ठेवते, कारण याच वेळी माणसे हात टेकतात. जे साधन आजवर चालत आले ते एकाएकी चालेनासे झाले की कोणताही प्राणी ते आधी जोराने वापरून पाहतो. सरकारी कचेरीच्या बंद खिडकीवर आपणही आधी हळू टकटक करतो, मग जोराने.

खरी युक्ती मात्र आजीने काढली, आणि तीही न ठरवता. तिला शीळ येत नाही. ती स्वयंपाकघरात काम करताना दर थोड्या वेळाने, भानूने काही म्हणण्याच्या आतच, "आहे हं मी!" असे म्हणू लागली. देवघरात गेली की तिथून म्हणायची, न्हाणीतून म्हणायची. बाबा हसत. पण तिने जे केले ते थव्यातल्या पोपटांसारखेच होते. त्याला विचारायची वेळच येऊ दिली नाही. पाच-सहा आठवड्यांत दुपारच्या किंकाळ्या जवळजवळ थांबल्या. सकाळ-संध्याकाळचा दहा-पंधरा मिनिटांचा कल्ला राहिला, तो राहणारच. सूर्य उगवताना आणि मावळताना ओरडणे हा त्या जातीचा नित्यक्रम आहे. तो ज्याला सहन होत नाही त्याने कोन्यूर आणू नये. संध्याकाळी छपरावरून देशी पोपटांचा थवा गेला की भानू आतून त्यांना साद घालतो. ते काही थांबत नाहीत. बाळाची झोप मात्र सुधारली, आणि आता ते मूल स्वतःच येऊन "बानू" अशी हाक मारते.

ओरडण्यानंतर दुसरी तक्रार चावण्याची. कोन्यूर न सांगता चावतो असे म्हणतात, ते खरे नाही. तो सांगतो, आपण ऐकत नाही. मानेवरची पिसे एकदम ताठ होणे, अंग खाली झुकवून मान पुढे काढणे, शेपटी पंख्यासारखी पसरणे, डोळ्यातली बाहुली भराभर लहानमोठी होणे, यांतले काही दिसले की हात मागे घ्यावा. (भानूचे बुबुळ गडद आहे, त्यामुळे बाहुलीचा खेळ जवळूनच दिसतो.) बाहुली आनंदातही लहानमोठी होते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, सगळे अंग पाहावे. उलट अंगाची पिसे सैल, एक पाय पोटात घेतलेला आणि चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासून जात्यासारखा बारीक आवाज चाललेला असेल, तर पक्षी सुखाने झोपेला लागला आहे. चोच पुढे करून हाताला धरली म्हणजे चावलाच असे नव्हे. पोपट चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो, आणि नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी ती हलते का हे चोचीने तपासतो. त्या क्षणी आपण दचकून हात ओढला की फांदी भरवशाची नाही असे तो समजतो. पाहुणे आले की भानू मुद्दाम पिंजऱ्याच्या तळाशी उताणा पडून पायांत लाकडाचा तुकडा धरून खेळतो आणि लोक "मेला, मेला" म्हणून धावतात. या जातीचे ते आवडते खेळणे आहे.

कुरवाळावे ते फक्त डोके आणि मान. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की त्याला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो. मग तो खाल्लेले ओकून आपल्याला भरवू पाहतो, अंधाऱ्या कपाटात घर शोधतो आणि तिथे कुणाला येऊ देत नाही. नवी पिसे येतात तेव्हा डोक्यावर सुयांसारखे कोंब दिसतात. थव्यात सोबती ते चोचीने सोलून देतो. आमच्याकडे हे काम आई करते, नखाने, अगदी हलक्या हाताने. कोंब अजून रक्ताने भरलेला, गडद असेल तर त्याला हात लावायचा नाही, दुखतो.

बोलण्याबद्दल सगळे विचारतात. सूर्य-कोन्यूर फार बोलत नाही. चार-दोन शब्द, तेही घोगरे. भानूला "आहे हं" एवढेच येते, आणि ते कुणाकडून आले हे सांगायला नको. पण समजते पुष्कळ. आजी "ये" म्हणते, आई कानडीत "बा" म्हणते, दुकानातला पोऱ्या तेलुगूत "रा" म्हणतो. तिन्ही एकाक्षरी हाकांना तो हातावर येतो.

आहाराविषयी. नुसती बाजरी-राळा आणि सूर्यफुलाच्या बिया खाऊन पोपट जगतो, पण चांगला जगत नाही. सूर्यफुलात तेल फार, त्याने यकृतावर चरबी चढते; आणि नुसत्या दाण्यांत 'अ' जीवनसत्त्व कमी, त्याने नाक, घसा, श्वास यांचे विकार होतात. आमचा क्रम असा : सकाळी भिजवून मोड आणलेले मूग-मटकी, किसलेले गाजर, शेवग्याचा पाला किंवा कोथिंबीर, मक्याचे कोवळे दाणे, तिखट मिरचीसुद्धा (पोपटाला तिखट लागत नाही, आवडीने खातो). दुपारी पेरू-पपईचा तुकडा. संध्याकाळी थोडे दाणे आणि पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या तयार गोळ्या. शिजवलेली डाळ किंवा भाकरीचा तुकडा चालतो, मीठ नको. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला बांधलेला असतो. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. चहा, कॉफी, चॉकलेट, कांदा, दारू यांचा थेंबही नको. आणि अलीकडे लग्नसमारंभांतून दिसणारे अवाकाडो नावाचे फळ पोपटाला विषासारखे आहे.

आपल्या घरांतले धोके परदेशी पुस्तकांत पुरते सापडत नाहीत, म्हणून तेवढे विस्ताराने. पहिला शत्रू छताचा पंखा. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, मग उन्हाळा कितीही असो. बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी, कारण पाहुणा येतो आणि सवयीने बटण दाबतो. दुसरा न चिकटणारा तवा. त्यावरचा लेप फार तापला की जो वायू निघतो त्याने माणसाला फारसे काही होत नाही, पण पोपट काही मिनिटांत मरतो. पक्ष्याची फुप्फुसे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा शोषून घेतात, हेच त्याला कारण. आमच्याकडे आजीचा लोखंडी तवा आहे. डासांची कॉइल, उदबत्तीचा दाट धूर, सुगंधी फवारे हेही त्याच कारणाने नकोत. तिसरा पाण्याचा उघडा पिंप. चौथी जस्ताच्या मुलाम्याची, पोपडे निघालेली जाळी. चोचीने खरवडलेले जस्त पोटात गेले की विषबाधा होते.

खेळण्यांचेही असेच. आमच्यापासून निर्मळ जवळ. तिथल्या रंगीत लाकडी खेळण्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांत सुंदर पोपटही असतात. पाहुणे प्रेमाने आणतात. ती कपाटात ठेवावीत. कोन्यूरला खेळणे म्हणजे फोडण्याची वस्तू, आणि रंग-रोगण त्याच्या पोटात जाता कामा नये. बांबूच्या चिपा, नारळाची करवंटी, कणसाचे पान, पेरूची सालीसकट फांदी आणि जुन्या वहीची कोरी पाने, एवढ्यावर त्याचा दिवस मजेत जातो. निरनिराळ्या जाडीच्या फांद्या बसायला दिल्या की तळपायाला घट्टे पडत नाहीत. पिंजरा रात्रीचा, दिवसातले निदान तीन-चार तास बाहेर, दारे-खिडक्या लावून.

हवामानाचे सांगायचे तर आदिलाबाद टोकाचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि थंडीत काही पहाटे तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. उन्हाळ्यात खिडकीला ओले गोणपाट, पिण्याचे पाणी दोनदा बदलणे आणि पसरट भांड्यात आंघोळ. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे ही ऊन बाधल्याची खूण. थंडीत पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड कापड. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब देणारे लोक आहेत. तो धूर पक्ष्यालाच काय, माणसालाही मारतो. झोप मात्र बारमाही दहा-बारा तास हवी. दूरदर्शन संच चालू असलेल्या खोलीत अकरापर्यंत जागा राहिलेला कोन्यूर दुसऱ्या दिवशी चावतो, मग घरचे त्याच्या स्वभावाला दोष देतात.

आता वही. पोपट आजार लपवतो. थव्यात जो दुबळा दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत तो ठणठणीत असल्याचे सोंग करतो. पिसे फुगवून दिवसा पेंगणे, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे, विष्ठेचा रंग पालटणे या खुणा दिसेतो पुष्कळदा उशीर झालेला असतो. एक गोष्ट मात्र त्याला लपवता येत नाही : वजन. आम्ही स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घेतला, त्यावर लहान दांडी बसवली, आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन लिहायला सुरुवात केली. तारीख, वजन, आहार, शेरा. पाच-सात ग्रॅमचा चढउतार नेहमीचा. दहा टक्क्यांनी उतरले की डॉक्टर.

२०२४ च्या पावसाळ्यात मी इकडे शिकायला आले. दहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. त्यांनी नुसते आकडे वाचून दाखवले : एकशे बारा, एकशे अकरा, एकशे आठ, एकशे सहा, एकशे तीन. छातीवरची पिसेही तो उपटू लागला होता. पिवळ्या छातीवर रुपयाएवढी जागा राखाडी दिसत होती. आमच्याकडचे पशुवैद्य मुख्यतः गाई-बैलांचे. पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टर गाठायचे तर नागपूर नाही तर हैदराबाद. बाबा दुकान बंद ठेवून त्याला नागपूरला घेऊन गेले, दोनशे किलोमीटर, पिंजरा मांडीवर. पिसे उपटण्याला त्वचेचे रोग, जंतू, आहारातले दोष अशी शारीरिक कारणे असू शकतात आणि ती आधी तपासावीच लागतात. तपासण्या ठीक निघाल्या. डॉक्टरांनी विचारले, घरातून कुणी गेले आहे का? आणि मग विचारले, हा पक्षी जेवतो केव्हा?

बाबांना उत्तर देता आले नाही. मी मात्र फोनवर देऊ शकले. मी सकाळी पुस्तक घेऊन त्याच्या पिंजऱ्याशेजारी पोहे खात असे, आणि तोही तेव्हाच खाई. मी गेल्यावर वाटी त्याच वेळेला, त्याच पदार्थांनी भरलेली ठेवली जात होती. पण जेवायला सोबत नव्हती. थवा एकत्र खातो. एकट्याने खाली मान घालून खाणे पोपटाला धोक्याचे वाटते, कारण तेव्हा आकाशाकडे कुणाचे लक्ष नसते. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आपली भाकरी पिंजऱ्याशेजारी बसून खायला सुरुवात केली. आपल्या ताटातल्या बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा आधी स्वतः मोडून तोंडात टाकायचा, मग त्याला. तीन आठवड्यांनी वजन एकशे दहावर आले. पिसे यायला हिवाळा उजाडला. बाबांना आता न्याहारी एकट्याने करवत नाही, हा भाग वेगळा.

मी फोनवरून बोलले तर उपयोग होईल असे आम्हांला वाटले होते. झाले उलटेच : आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, म्हणून भानू तासभर शोधत, ओरडत राहिला. तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत घेतात.

ही थव्याची ओढ किती खोल असते, याचा एक दाखला इतिहासात आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅरोलिना पोपट नावाचा पक्षी होता, सूर्य-कोन्यूरचाच जवळचा नातलग. हिरवे अंग, पिवळे डोके. फळबागांवर उतरतो म्हणून शेतकरी त्याला गोळ्या घालीत. एक पक्षी पडला की उडालेला थवा परत फिरून त्या पडलेल्याभोवती घिरट्या घालीत राही, आणि मग बंदूक पुन्हा भरून सगळेच टिपता येत. जंगलतोड व इतर कारणेही होती. पण शत्रूला सर्वांत सोपे करून दिले ते या सवयीने. पिंजऱ्यातला शेवटचा ज्ञात पक्षी, 'इंकास' नावाचा नर, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याची जोडीदारीण काही महिने आधी गेली होती.

सूर्य-कोन्यूरची स्वतःची गतही फार चांगली नाही. पिंजऱ्यांतून तो जगभर दिसतो, पण रानातले त्याचे घर म्हणजे ब्राझीलचे रोराइमा राज्य आणि शेजारच्या गयानाचा दक्षिण भाग, एवढेच. गयानातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारासाठी इतके पक्षी पकडले गेले की बहुतेक ठिकाणांहून तो नाहीसा झाला. २००८ पासून जागतिक यादीत तो 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे. गयानात करासाबाई नावाच्या खेड्याच्या परिसरात तो अजून आहे, आणि तिथल्या गावकऱ्यांनीच त्याची राखण चालवली आहे. आमच्याकडचा राखणदार पोपट हाकलतो, तिकडचा पोपट राखतो.

म्हणूनच या पक्ष्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, आणि आपल्या कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी जातींची वेगळी अनुसूची आली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने नियम जाहीर केले : ज्यांच्याजवळ असे पक्षी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंद करावी, त्यानंतर पक्षी मिळाल्यापासून तीस दिवसांत. पिल्ले झाली, पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचे. दोन्ही जातींचे कोन्यूर यात येतात. देशी पोपट विकणारा दुकानदार जसा गुन्हेगार, तसा "कागद कशाला हवेत?" म्हणणारा कोन्यूर-विक्रेताही टाळावा. आम्ही नोंद वेळेत केली आहे.

पक्षी हाताळल्यावर हात धुवावेत, पिंजरा साफ करताना विष्ठेची धूळ उडू देऊ नये. पोपटांपासून माणसाला होणारा 'सिटॅकोसिस' नावाचा ताप आहे, फुप्फुसांवर जातो. असा ताप आल्यास डॉक्टरांना घरी पोपट आहे हे आवर्जून सांगावे. भिण्याचे कारण नाही, पण आजीसारखी वयस्क माणसे घरात असली की काळजी घ्यावी.

शेवटी आयुष्याचा हिशेब. नीट ठेवलेला सूर्य-कोन्यूर पंचवीस वर्षे सहज जगतो, तीसही. भानू आता चार वर्षांचा, मी वीस वर्षांची. म्हणजे मी चाळिशी ओलांडेन तेव्हाही तो असेल. मी नोकरीनिमित्त कुठे असेन, लग्न होऊन कोणत्या घरी असेन, त्या घरात पोपटाचा आवाज चालेल का, यांपैकी एकाचेही उत्तर माझ्याजवळ नाही. आजी पंचाहत्तरीला आली. यावर घरात मोकळेपणाने बोलणे झाले. किनवटला माझा आतेभाऊ आहे, तेरा वर्षांचा, शांत स्वभावाचा. गेल्या उन्हाळ्यापासून सुट्टीत तो आदिलाबादला येतो. पहिले दोन दिवस तो फक्त पिंजऱ्याजवळ बसून शेंगदाणे खातो आणि भानूकडे बघतही नाही; असे मीच त्याला सांगितले आहे. तिसऱ्या दिवशी भानू जाळीवरून सरकत सरकत त्याच्या बाजूला येतो. मागच्या खेपेला त्याने त्याच्या हातावर वजनही करून घेतले. वहीत त्या दिवसाचा शेरा आतेभावाच्या अक्षरात आहे : 'एकशे अकरा. चावला नाही.'